पारदर्शक आई

२ मार्च
प्रोफेशनल फोटो प्रिंटर आला. डायनिंग टेबलाशिवाय कुठेच मावेना, त्यामुळे जेवण सोफ्यावर. बायको त्याला ‘पाहुणा’ म्हणते. व्यवस्था तात्पुरती आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तुझी ट्रेडमिलही तात्पुरतीच होती, अजून तिच्यावर टॉवेल वाळतायत. कलावंताने वाद टाळावा.

५ मार्च
प्रिंटरचं सार्थक होणार! बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तेवीस तारखेला. त्यांची नजर फार अधू झालीय. कागदावरचा फोटो म्हणजे त्यांना नुसता राखाडी डाग. मागून उजेड असला तर मात्र बरंच कळतं. आई जाऊन दोन वर्षं झाली. परवा चहा पिताना म्हणाले, तिचा चेहरा आता आठवावा लागतो, आपसूक दिसत नाही. मी उगाच साखरेचा डबा शोधत बसलो.
तर योजना अशी: आईचा फोटो पारदर्शक फिल्मवर छापायचा आणि बाबांच्या खिडकीच्या काचेवर लावायचा. मागे ऊन, पुढे आई. ताईला फोन केला. ती म्हणाली, दुकानातून करून घे ना. दुकानातून! घरात हत्ती झुलत असताना!

८ मार्च
बाबांच्या जुन्या अल्बममधून फोटो निवडला. आई विशीतली, फाटकापाशी उभी, तोंडावर ऊन, डोळे बारीक करून हसतेय. स्कॅन केला. थोडी साफसफाई केली. ताईला दाखवणार नाही. एक तर सरप्राइज आहे, आणि दुसरं म्हणजे तिला खोड काढायची खोड.

९ मार्च, सकाळी
फिल्म आली. तासाभराचं काम. दुपारी फ्रेमवाल्याकडे जाईन.

९ मार्च, संध्याकाळी
फ्रेमवाल्याकडे गेलो नाही. प्रिंटर म्हणतो, कागद नाही. फिल्म आत आहे, पण आरपार दिसते, म्हणून त्याच्या लेखी ती नाहीच. काढून त्याच्यासमोर हलवून दाखवली. परत घातली. कागद नाही. बायको सोफ्यावरून म्हणाली, मागे एक पांढरा कागद जोडून बघ. मी तेच करणार होतो.
जोडला. चटकन छापून आलं. सुरेख. कागदावर. फिल्म मागे कोरी राहिली. कोणतं पुढे, कोणतं मागे याबाबत प्रिंटरचं आणि माझं एकमत नव्हतं.

१२ मार्च
आज फिल्म पुढे. छापलं! पण शाई फिल्मवर बसेना. थेंब थेंब होऊन घरंगळली. आईचं नाक हनुवटीवर, हनुवटी मानेवर. फिल्म सदोष आहे यात शंका नाही. दुकानाला कडक शब्दांत मेल लिहिली. ‘ग्राहकाची घोर फसवणूक’ हा शब्दप्रयोग मला स्वतःला आवडला.

१४ मार्च
बायको दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत बोट घालायची सवय. तिने बोट ओलं करून फिल्मच्या एका बाजूला लावलं. सटकलं. दुसऱ्या बाजूला लावलं. चिकटलं. म्हणाली, ही चिकट बाजू शाईची, तू गुळगुळीत बाजूवर छापतोयस. ही शंका मलाही होतीच, फक्त बोलून दाखवली नव्हती.
दुकानाला दुसरी मेल: ‘आपल्या मार्गदर्शनामुळे अडचण दूर झाली.’ त्यांचं काही उत्तरच आलेलं नव्हतं. असो. संबंध राखावेत.

१६ मार्च
चिकट बाजू. उत्तम छपाई! उचलून उजेडात धरली. फिकी. आई आहे, पण असून नसल्यासारखी. शिवाय कपाळावर अंगठ्याचा ठसा. माझाच. वाळू द्यायची असते हे मला माहीत आहे. उत्साहाच्या भरात माहिती मागे पडते.
यापुढे घाई करायची नाही. आजपासूनच. निदान उद्यापासून.

१९ मार्च
शाईचं प्रमाण वाढवलं. नवी शीट वाळायला ठेवायला सपाट जागाच नाही. टॉवेल काढून ट्रेडमिलवर ठेवली. बायको म्हणाली, चला, वापर सुरू झाला.

२० मार्च, सकाळी
वाळली. खिडकीशी धरली. ऊन आईच्या गालातून आत आलं. बायको ब्रश तोंडात तसाच ठेवून उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, छान झालंय रे. मी आत गेलो. शाईचा वास डोळ्यांना झोंबतो.

२३ मार्च
वाढदिवस. ताई आली. फ्रेम राहूनच गेली, म्हणून बाबांच्या काचेवर फिल्म तशीच चिकटवली, खुर्ची समोर ओढली, त्यांना हात धरून बसवलं. दोन शब्द बोलायची तयारी केली होती. ‘तंत्रज्ञान आणि माया’ अशी सुरुवात होती.
बाबांनी मान तिरकी केली. सरळ बघितलं की त्यांना मधलं दिसत नाही. बराच वेळ बघत राहिले. मग चेहरा असा उजळला, की मी भाषण विसरलो. म्हणाले, अरे, किती स्पष्ट! डोळे बारीक केलेले दिसतायत. गालाची खळीसुद्धा.
मग म्हणाले, पण ही तुझी मावशी आहे.
मी म्हटलं, बाबा, नीट बघा. ते म्हणाले, नीटच दिसतंय, हेच तर विशेष. ताई जवळ आली, तिने एकदा पाहिलं आणि पलंगावर बसून पोट धरून हसली. नाक आईचंच आहे, असं मी म्हणून पाहिलं. नाक दोघींचं आजोबांचं, असं ताईने सांगितलं.
बाबाही हसत होते. कित्येक महिन्यांनी. त्यांना तो दिवस आठवत होता. कॅमेरा त्यांचाच, पण तो कुणी हातात घ्यायचा यावरून दोघी बहिणी भांडल्या आणि आई जिंकली. म्हणाले, म्हणजे ती आहे या फोटोत. मावशीच्या पायाशी तिची सावली पडलीय बघ, कोपर वर करून कॅमेरा धरलेली. मला तो कोपर ओळखू येईल.
ते पुढे झुकले. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. म्हणाले, कुठे आहे रे?
नव्हती. कॉम्पोझिशन बिघडत होतं म्हणून पहिल्याच दिवशीच्या साफसफाईत मी ती पुसली होती. इतक्या सफाईने, की नेमकी कुठे होती ते मलाही दाखवता येईना.