कॉम्रेड पूनमसिंग यांनी जाळलेली विहीर

फुलसावंगी,
१४ मार्च १९६३

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीने निरगुडीचा शेक सुरू केला असेल तर मध्येच सोडू नका. आणि केला नसेल तर हे पत्र तिला वाचून दाखवू नका, नाहीतर पुढचं सगळं बाजूला राहील आणि निरगुडीच सुरू होईल. इकडे घरचे सगळे खुशाल. तूर बरी झाली, आईचा खोकला गेला. एक मीच तेवढी धड नाही. ताप नाही, डोकं दुखत नाही. धक्का बसला आहे, आणि त्याला दवाखान्यात औषध नाही.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं, की घरातली पहिली बी. ए. झालेली मुलगी लाल बावट्याच्या माणसासोबत निंबाच्या झाडाखाली बसून नेमकं काय करते. (हे तुम्हाला बाबांनी कळवलं. 'निंबाखाली' हा त्यांचाच शब्द. आल्यागेल्याला ते असंच सांगतात, जणू मी तिथे शेळ्या राखते.) मी कॉम्रेड पूनमसिंग यांना इंग्रजी कागद वाचून दाखवते. पगार नाही. पण तुम्ही त्यांना ओळखत नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

कॉम्रेड आपल्या गावापासून दोन मैलांवरच्या तांड्याचे. लहानपणी जिनिंग प्रेसमध्ये कामाला होते. तिथे संप झाला, त्यात धरले गेले, आणि तुरुंगात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका कंपोझिटर कैद्याने त्यांना मराठी वाचायला शिकवलं. (उलटी अक्षरं आधी शिकवली, सुलटी नंतर, असं ते सांगतात.) अठ्ठेचाळीस साली भूमिगत होऊन पैनगंगेपलीकडे गेले. बावन्नच्या निवडणुकीत अनामत गेली. सत्तावन्नला हरले पण अनामत वाचली, तेव्हा तांड्यावर गूळ वाटला होता. अकरा वेळा तुरुंगात गेले. कोणत्या तारखेला गेले, बराक कितवी, डाळीत मीठ होतं की नव्हतं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मी मनातल्या मनात यांचं चरित्र लिहायला घेतलं होतं, मामा. पहिलं वाक्यही तयार होतं. आता ते वाक्य मी कुणाला सांगणार नाही.

त्यांचं एक तत्त्व होतं. सरकारी कचेरीचं फाटक ओलांडायचं नाही. निवेदन फाटकावर द्यायचं. साहेबाला गरज असेल तर साहेबाने बाहेर यावं. असं त्यांनी पंधरा वर्षं चालवलं. मग गेल्या ऑगस्टमध्ये पंचायत समितीच्या सभापतीची निवड आली. दोन मोठ्या गटांची मतं सारखी पडत होती, आणि एकाला दुसऱ्याचा माणूस चालत नव्हता. तेव्हा दोघांनीही, हा माणूस निरुपद्रवी आहे असं ठरवून, तांड्याकडून समितीवर आलेल्या कॉम्रेडना मतं दिली. निवड होऊन गेली तेव्हा कॉम्रेड फाटकाबाहेर या निवडीच्या निषेधाचं भाषण करत होते. ते त्यांनी पूर्ण केलं.

पहिल्या दिवशी सभापती फाटकाबाहेर तासभर उभे राहिले. आत शिपाई हार घेऊन उभा. शेवटी गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ साहेब, रजिस्टर घेऊन बाहेर आले, पाठोपाठ खुर्ची आली, दुसऱ्या दिवशी टेबल आलं. तेव्हापासून सभापतींची कचेरी फाटकाबाहेरच्या निंबाखाली भरते. मला हे फार उदात्त वाटत होतं. (टेबलावर पाखरं बसतात, ते सोडून.)

आता विहिरीचं सांगते. तांड्याला विहीर नाही. बायका नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणतात, जाऊन येऊन तीन मैल. कॉम्रेडची बायको जमनीकाकू यांच्या मानेला त्यामुळे कायमचा बाक आला आहे. त्रेपन्न सालापासून कॉम्रेड दरवर्षी होळीच्या आधी मोर्चा नेऊन या विहिरीचं निवेदन देतात. चोपन्न, छप्पन्न आणि अठ्ठावन्न साली त्यावर सरकारचं इंग्रजी पत्र आलं. इंग्रजी इकडे कोण वाचणार? पोलिसांच्या नोटिसाही तशाच कागदावर येत, म्हणून कॉम्रेड ते पत्र सभेत उंच धरून दाखवत, कुणी चार बुकं शिकलेला हजर असेल तर त्याला वर बोलावून अर्थ विचारत, आणि मग सरकारच्या दडपशाहीचा नमुना म्हणून त्याची होळी करत. त्या ज्वाळा पाहूनच आपण या कामात पडायचं, असं मी ठरवलं होतं.

सहा तारखेला यंदाचा मोर्चा होता. निवेदन सभापतींना द्यायचं, आणि देणारेही सभापतीच. बीडीओ साहेबांनी पाच तारखेला अतिशय अदबीने विचारलं, की आपण बाहेरून देणार की आतून घेणार? कॉम्रेड म्हणाले, मी देतो, माझ्या वतीने तुम्ही घ्या. तसा नियम नव्हता. मग निदान उत्तर तरी तयार ठेवू म्हणून साहेबांनी विहिरीची जुनी फाइल बाहेर पाठवली, आणि कॉम्रेडने ती मला वाचायला सांगितली.

मामा, विहीर मंजूर झाली होती. फाइलमधल्या तिन्ही पत्रांच्या नकलांत तेच होतं. विहीर मंजूर आहे, अर्जदाराने एकतीस मार्चपूर्वी कचेरीत येऊन सही करावी व जागा दाखवावी, न आल्यास मंजुरी रद्द समजली जाईल. त्याखाली अठ्ठावन्न सालच्या कुणा साहेबाचा शेरा होता, की तीनदा बोलावूनही अर्जदार येत नाही, त्या अर्थी तांड्याला विहिरीची गरज दिसत नाही.

कॉम्रेड म्हणाले, "पुन्ना वाच." मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा त्यांनी हात वर केला. मग बराच वेळ टेबलावरची निंबाची पानं एक एक करून बाजूला केली आणि म्हणाले, उद्या मोर्चा होईल. मला वाटलं, हे दाबून टाकणार. माझ्या आयुष्यात मी कुणाबद्दल इतका वाईट विचार केला नव्हता, आणि तो या माणसाबद्दल करावा लागला.

मोर्चा झाला. तांड्यावरची साठेक माणसं, पुढे कॉम्रेड. फाटकाशी आल्यावर त्यांनी घोषणा थांबवल्या आणि निवेदनाऐवजी फाइल वर धरली. विहीर तीनदा मंजूर झाली होती, तो हुकूम आपण तीनदा तुमच्यासमोर जाळला, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या, एवढंच त्यांनी सांगितलं. भाषण त्यांना येतं, पण केलं नाही. मग तांड्याचे नाईक उत्तमसिंग यांनी विचारलं, "तो कागद वाचला कोनं होता?"

"याद नाही, नाईक," कॉम्रेड म्हणाले. "जाळला म्या. तेवढं याद हाये."

ज्या माणसाला तुरुंगातल्या डाळीचं मीठ आठवतं, त्याला याद नाही. हाही एक धक्काच.

जमनीकाकू बायकांमध्ये मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "नऊ वर्सं पानी म्या वायलं," त्या म्हणाल्या. "आता पानी तुमी वाहा. कागद म्या वाचतो." आणि त्यांनी कॉम्रेडच्या हातातली फाइल काढून घेतली, सरळ फाटकातून आत गेल्या, आणि त्यांच्यामागे अख्खा मोर्चा. शेवटी कॉम्रेडही. आत खुर्च्या चार होत्या.

तेव्हापासून सभापती रोज सकाळी झिऱ्यावरून पाणी आणतात. पंचायत समितीची जीप आहे. पण खासगी पाण्याला सरकारी गाडी वापरणार नाही म्हणतात. ड्रायव्हर फुलसिंगचं म्हणणं, सभापती जातील तिथे जीप गेलीच पाहिजे. त्यामुळे पुढे डोक्यावर हंडा घेतलेले सभापती, आणि मागून पहिल्या गिअरमध्ये रिकामी जीप. निम्मं पाणी वाटेतच सांडतं. बायका म्हणतात, कॉम्रेडने रस्त्याला चांगलं शिंपण घातलं. आणि जमनीकाकू दुपारी पाटी घेऊन माझ्याकडे येतात. कालपर्यंत पाच अक्षरं झाली. बोट धरून गिरवून देते तेव्हा त्या माझ्याकडे फार विश्वासाने पाहतात, मामा, आणि मी पाटीवरून मान वर करत नाही.

मामीला जयभीम सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
प्रभावती

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. जुनी मंजुरी गेली, नवी एकतीस मार्चच्या आत व्हायला हवी. सह्या सगळ्या तयार आहेत. विहिरीचा नकाशा आणि खर्चाचा अंदाज नाही, कारण इथल्या ओव्हरसियरची जागा रिकामी आहे. पांढरकवड्याच्या ओव्हरसियरने, म्हणजे तुम्ही, करून दिला तरी चालेल, असं बीडीओ साहेब म्हणाले. याला वशिला म्हणतात हे मला ठाऊक आहे. तेवीस तारखेच्या शनिवारी टेप घेऊन या.

ता. क. दुसरा. अठ्ठावन्न साली सभेत वर बोलावलेली ती शिकलेली मुलगी मी होते. त्या वर्षी मी मॅट्रिकला होते, नवं पातळ नेसले होते, आणि सगळा तांडा माझ्याकडे पाहत होता. पत्रातलं मला शेवटच्या ओळीतलं 'रद्द' तेवढं कळलं. बाकीचं समजत नाही असं म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. सरकारने विहीर रद्द केली, असं मी मोठ्याने सांगितलं. फाइल वाचताना त्या पत्राशी आले, तेव्हा कॉम्रेड माझ्याकडे बघतच नव्हते, झाडाकडे बघत होते. चोवीसच्या रविवारी मी तांड्यावर जाऊन हे जमनीकाकूंना सांगणार आहे. टेप विसरलात तरी चालेल, मी दोरीने मोजून देईन. पण तुम्ही या. मी सांगत असताना आपलं कुणीतरी माझ्या शेजारी उभं असावं.