संमतिपत्राची पाठकोरी बाजू

सर, आज मी तुमच्यावर भयंकर चिडलोय. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. डोंबल! तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर मान वर करून बोललो नाही, आता तरी बोलू द्या. लिहितोय तेही पाठकोऱ्या कागदावर, तुमच्याच शिस्तीने. कागदाच्या पुढच्या बाजूला तुमच्या वळणदार अक्षरातलं पालकांचं संमतिपत्र आहे. वनस्पतिशास्त्राच्या सहलींसाठी तुम्ही ते एकदा हाताने लिहिलंत, आणि त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत आपला विभाग अजून चालतोय. विद्यार्थ्याचं नाव, कशासाठी, आणि खाली पालकांची सही. तुमच्या खुर्चीत आता मी बसतो आणि तो गठ्ठा माझ्याच खणात असायचा.

दोन महिन्यांपूर्वी सहा मुलं माझ्याकडे आली. त्यांना कॉलेजात एक गट काढायचा होता. ज्या मुलांना मुलं आवडतात, ज्या मुलींना मुली आवडतात, जे स्वतःला मुलगा किंवा मुलगी मानतच नाहीत, अशा सगळ्यांचा. आणि जे तसे नाहीत पण पाठीशी उभे राहतात, त्यांचाही. त्यांना ही मुलं अ‍ॅलाय म्हणतात. प्रभारी शिक्षक मिळेना म्हणून माझ्याकडे आली. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही आपले पाठिंबा म्हणून ना, सर?" मी म्हटलं, "अर्थात." वा रे अर्थात! दर बुधवारी प्रॅक्टिकल संपल्यावर पोरं लॅबमध्ये जमायची, चहा प्यायची, हसायची. इतकं मोकळं हसणं आपल्या त्या लॅबने कधी ऐकलं नव्हतं. आणि मी तिसऱ्या बुधवारी काय केलं? खण उघडला आणि सवयीने सगळ्यांना संमतिपत्रं वाटली. कुणी मागितली नव्हती, ऑफिसने नाही की प्राचार्यांनी नाही. गट आला की फॉर्म आला, हे तुम्ही माझ्या हाडात मुरवलंय.

शहरातली पोरं हुशार. त्यांनी कट्ट्यावर बसून एकमेकांच्या बापांच्या सह्या ठोकल्या आणि कागद परत आणून दिले. सायखेड्याची एक मुलगी आहे, दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने येणारी. तिने मात्र 'कशासाठी' या रकान्यात खरं ते लिहिलं आणि कागद घरी नेला. मैत्रिणीने अडवलं तर म्हणाली, "हर्बेरियमच्या शीटवर रोप सापडल्याची खोटी जागा लिहिली म्हणून याच सरांनी माझे मार्क कापले होते. आता खोटी सही करू?" त्या दिवसापासून ती कॉलेजात आलेली नाही. तिचा फोन बंद आहे. येत्या रविवारी तिला बघायला पाहुणे येणार आहेत.

तुम्हाला हरसूलची सहल आठवते का हो? मला आठवते. चहाच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र ओढ्यापलीकडे बसलोय. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आहे. तुम्ही समोर येऊन उभे राहता, ओरडत नाही, नुसतं म्हणता, "चला, नमुने दाबायला घ्या." मला वाटलं, सुटलो. नाशिकला परतल्यावर तुम्ही त्याच्या वडिलांना चांदवडला पत्र लिहिलंत, 'मुलाच्या भल्यासाठी'. पंधरा दिवसांत त्याचं नाव पटावरून गेलं. माझ्या घरी मात्र नाही लिहिलंत, कारण मी पहिला येणारा, तुमचा लाडका. केबिनमध्ये बोलावून म्हणालात, "पुन्हा हा विषय नको. तुला मोठं व्हायचंय." आणि स्वतःचा लाकडी प्रेस माझ्या हातात दिलात. पानं दाबायचा! कसलं बक्षीस होतं ते, सर? पुढे एकदा चांदवडच्या स्टँडवर मित्र दिसला. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या तोंड फिरवण्याचे धनी तुम्ही आहात. आणि तो प्रेस घेऊन गप्प बसलो, म्हणून मीही आहे.

आज सकाळी सायखेड्याला गेलो. मुलीचे वडील भला माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि मग तो कागद माझ्यापुढे धरला. "सर, ह्यो कागद तुमचाच हाय ना? पोरीला शिकायला धाडलं व्हतं, ह्ये शिकवायला नाय." मी म्हटलं, तिची काही चूक नाही, अशी माणसं सगळीकडे असतात, डॉक्टरही आता हेच सांगतात. त्यांनी विचारलं, "तुमाला पोरं किती?" म्हटलं, लग्न नाही केलं. "मंग तुमाला काय कळायचं ह्यातलं?"

सर, तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. एकच वाक्य. पन्नाशीला आलेला, नोकरीतला, जिवंत, खाऊनपिऊन सुखी माणूस त्यांच्या खुर्चीत बसून ते म्हणाला असता, तर त्या बापाने निदान एकदा वर बघितलं असतं. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. ती रडत नव्हती. ती वाट बघत होती, आणि मला वाटतं तिला माझ्याबद्दल कधीचं ठाऊक आहे. मी चहा संपवला. "शिक्षक म्हणून सांगतोय," एवढंच म्हणालो आणि निघालो. तुमचा लाडका विद्यार्थी, दुसरं काय!

परतताना कॉलेजातल्या खणातून तो गठ्ठा उचलला आणि घरी येऊन आधी फाडला. चार कागद या पत्रापुरते ठेवले, आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या अक्षरासाठीही ठेवले. तुम्हाला शिव्या घालताना 'सर' सुटत नाही तोंडातून, याचाही मला राग येतोय.

उद्या पहिल्या एसटीने परत सायखेड्याला जाणार आहे. रविवारच्या आत. ते हाकलून देतील, प्राचार्यांना फोन करतील, करू देत. वाक्य इथे लिहून ठेवतो: मी पण त्यातलाच आहे. लिहिणं सोपं गेलं. मग सवय व्हावी म्हणून ते मोठ्याने म्हणून बघायचं ठरवलं, आणि म्हणायच्या आधी उठून दार लावून आलो. सर, या घरात मी एकटा राहतो.