तू आत नव्हता

धम्मानंद दादा,
जय भीम.

काल तू माझी उशी नीट करायले वाकला आणि मी तुले जोरात ढकललं. रोशनी वहिनी म्हणाली, "काय वं, दवाखान्यानं ननद बदलून देली का?" तू हसला. मग मी बी हसली.

तुझ्यावर राग नाही गा. मी अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती, तेव्हाचं मले एकच आठवते. माझे हात पलंगाले बांधले आहेत आणि तू छातीवर बसून माझ्या घशात नळी ढकलून राहिला. मी नाही म्हणते, पण आवाज निघत नाही. तू वरून म्हणून राहिला, "चूप राय, संघमित्रा."

असं झालंच नाही, हे मले मालूम आहे. तुले आयसीयूत एकदाही सोडलं नव्हतं. नळी टाकली तरी वाचायची गॅरंटी नाही, असं डॉक्टरनं सांगितल्यावर तू सही केली, आणि हिंगण्याच्या कंपनीतली ड्यूटी सोडून अकरा दिवस बाहेरच्या पायरीवर बसला. वहिनीनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणतात, औषधांनी असे भास होतात, जातील हळूहळू. चार महिने झाले. तुझ्या गाडीचा आवाज आला का अजून माझा दम अडकते.

उद्या तू पुन्हा येशील. माझ्याजवळ नको बसू, इतकंच सांगायचं आहे. पण तू विचारशील, काहून? आणि तुझ्याशी मले खोटं बोलता येत नाही.

तू वाचवलेली,
संघमित्रा