डाव्या रेषेवरचं फूल

ती. भाऊजींस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी दोन अंगं तूर्त उधार समजावीत). ताईचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? आणि कप? ताई परवा फोनवर म्हणाली की, तो तुम्ही बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा ठेवला आहे आणि रोज सकाळी स्वतः पुसता. ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं नाही. का, ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता, मग मीही हसतो, आणि सांगायचं राहून जातं.

अंतिम सामना तुम्हाला आठवत असेलच (ताई म्हणते, तो आता दूधवाल्यालाही पाठ आहे). आमच्या क्लबातली पन्नाशीपुढच्यांची बॅडमिंटन स्पर्धा, एका बाजूला पाहुणे म्हणून उतरलेले तुम्ही, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे शेठ, आणि डाव्या रेषेशी लाकडी खुर्चीवर, फूल आत पडलं की बाहेर ते सांगणारा लाइनमन म्हणून मी. सख्खा मेहुणा लाइनमन कसा, असं कुणीतरी कुजबुजलंही होतं. पण शेठच म्हणाले, चष्म्याचं दुकान याचं, याच्याहून चांगले डोळे कुणाचे असणार, बसू दे त्यालाच. त्यांच्या सगळ्या कामगारांसाठी सुरक्षा चष्म्यांची ऑर्डर मला द्यायची बोलणी तेव्हा चालू होती. म्हणजे एकीकडे बहिणीचा नवरा, दुसरीकडे धंदा, आणि मध्ये बोटभर रुंदीची पांढरी रेषा. शेवटच्या गुणाला शेठनी मारलेलं फूल त्या रेषेपाशी पडलं, मी दोन्ही हात पसरून ‘आऊट’ म्हटलं, आणि कप तुमचा झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी कप मांडीवर घेऊन गाडीत बसलात. मी ऑर्डरवर पाणी सोडलं होतं. तर शेठ स्वतः दुकानात आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, जो माणूस हातातोंडाशी आलेली ऑर्डर सोडून खरं बोलतो, तो मला काच खोटी देणार नाही. ऑर्डर तर दिलीच, वर चार लोकांत माझी वाहवा करत सुटले. गिऱ्हाईक इतकं वाढलं की, डोळे ठणठणीत असलेले लोकही नुसतं मला बघायला येऊन निदान चष्म्याची एक डबी तरी घेऊन जाऊ लागले. त्या भरात मी ‘विश्वासाचं दुकान’ अशी नवी पाटी रंगवून घेतली. पेंटर म्हणाला, एवढी मोठी अक्षरं कशाला? मी म्हणालो, याहून लहान दिसणार कुणाला! (शंका तिथेच यायला हवी होती.)

मग दुकानातला अक्षरांचा तक्ता कळकट झाला म्हणून बदलला. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई नंबर काढायला आल्या होत्या. खालच्या ओळीत त्या अडखळल्या, तर मी सवयीने म्हणालो, सोपं आहे बाई, ग म ल प. बाई खुर्चीतून उठल्या, तक्त्याला नाक लावून आल्या आणि म्हणाल्या, “अहो, इथे न ट र क आहे. तुम्ही वाचताय की पाठ म्हणताय?” भाऊजी, मी पाठ म्हणत होतो. इतकी वर्षं मी स्वतःचे डोळे त्याच जुन्या तक्त्यावर तपासत होतो आणि दरवेळी पैकीच्या पैकी गुण घेत होतो. बाई गेल्यावर उजवा डोळा झाकून नव्या तक्त्यासमोर बसलो. डाव्या डोळ्याला सगळ्यात वरचं अक्षर तेवढं दिसलं, तेही अंदाजाने.

रविवारी दुपारी क्लब रिकामा असताना बायकोला घेऊन गेलो. त्याच खुर्चीत त्या दिवशीसारखाच, रेषा डाव्या डोळ्याकडे येईल असा बसलो आणि तिला फूल कधी रेषेवर, कधी बाहेर टाकायला सांगितलं. मी दरवेळी ‘आऊट’ म्हटलं. शेवटी तिने फूल हातातच ठेवलं, तरीही म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, “शेठना सांगून टाका.” मग फूल माझ्या हातात देत म्हणाली, “नको, आधी ताईंच्या घरी लिहा.”

स्वतःसाठी चष्मा बनवला आहे, पण तो ड्रॉवरमध्येच असतो. चष्मेवाल्याने एकाएकी चष्मा लावला की लोक विचारणार, कधीपासून? शेठकडे गेलो तर ऑर्डर जाईल, पाटी उतरवावी लागेल, आणि मुख्य म्हणजे तुमच्या कपाटातली ती जागा रिकामी होईल. म्हणून गप्प बसायचं ठरवलं आहे. मी काही खोटं बोललो नाही, मला दिसलं नाही एवढंच, असं रोज स्वतःला समजावतो आणि रोज त्या पाटीखालून मान खाली घालून आत शिरतो. फार वाईट वाटतं, भाऊजी. आयुष्यात तुम्ही एकच कप जिंकलात, आणि तोही माझ्या डाव्या डोळ्याने दिला.

ताईला हे वाचून दाखवू नका. तिला गुडघा शेकायला सांगा.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. कप पुसायची पावडर पाठवणार होतो. तूर्त थांबवली आहे.

आणखी एक ता. क. मला दिसलं नाही असं वर लिहिलंय, ते फुलापुरतं खरं आहे. उजव्या डोळ्याला तुमचा चेहरा दिसत होता. फूल पडलं तेव्हा तो एकदम उतरला. मला ते बघवलं नाही, आणि माझे हात पसरले गेले.

शेवटचं. तुम्ही फुलापासून हातभर अंतरावर होतात. ते कुठे पडलं, तेवढं एका ओळीत कळवा. ‘आत’ लिहिलंत तर त्याच दिवशी शेठकडे जाईन. कप घेऊन तुम्हीही आलात तर दोघं जाऊ. ‘बाहेर’ लिहिलंत तर पुन्हा कधी विचारणार नाही. पण ‘नीट दिसलं नाही’ असं मात्र लिहू नका. त्या दिवशी तुमच्या नाकावर माझ्याच दुकानातला चष्मा होता, आणि त्याचा नंबर काढताना तक्ता तुम्ही वाचला होता, मी नाही.