लोसालीनेसमोर माझा रक्तदाब

नेइआफू, मंगळवार

आदरणीय पेनी मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा आणि डुकरीण दोघंही बरी असावीत. आई रोज प्रार्थना करते (गुडघ्यासाठी, डुकरिणीसाठी मी करतो).

माझी तब्येत उत्तम आहे, फक्त तसा कागद मिळत नाही. मिळाला तर मार्चमध्ये मी ऑस्ट्रेलियाला द्राक्षं तोडायला जाणार. नाही मिळाला तर इथेच रताळी खणणार. रक्तदाब मोजायला दवाखान्यात एकच नर्स, आपली लोसालीने. काकाची मुलगी, म्हणजे माझी बहीणच, आणि आपल्या बेटांवर भावाबहिणीने एकमेकांच्या अंगाला हात लावायचा नसतो. टीव्हीवर कुणी कुणाचा हात धरला की आम्हा दोघांपैकी एकजण उठून अंगणात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. तिने माझ्या उघड्या दंडाला पट्टा बांधला. ती छताकडे पाहत होती, मी जमिनीकडे. आकडा एकशे चौसष्ट. आठवड्याने एकशे एकाहत्तर.

मेलबर्नहून आलेल्या डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणाल्या. तिचं एक संप्रेरक अंगात मीठ धरून ठेवतं, दुसरं माणूस घाबरला की उसळतं, आणि बाविसाव्या वर्षी एवढा दाब म्हणजे दोघांचीही चौकशी करायला हवी. दुसऱ्याची येण्याजाण्याची वेळसुद्धा मला माहीत होती. पण परक्या बाईला सांगणार कसं? मी मान डोलावली आणि खारं मांस बंद केलं. आत्याने ताटाकडे पाहून विचारलं, "कोणत्या पोरीने नाही म्हटलं रे?"

मग चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून नर्सकडे द्यायची होती. साठवली. (जास्त लिहीत नाही.) काल सकाळी कॅन पोत्यात घालून मी खिडकीशी गेलो.

"काय हवंय, दादा?"

"वाजले किती?"

साडेदहा, ती म्हणाली. मी घरी आलो. दिवसभरात असं तीनदा झालं. गावात आता मला वेळेचा फार पक्का समजतात.

तुमच्या शहरात पुरुष नर्स आहेत असं ऐकतो. पुढच्या बोटीने दाब मोजून घ्यायला येतो. तुमच्याकडे राहीन, तुमच्या ताटात जेवीन, तुमचा नवा सदरा घालीन. भाच्याला मामा नाही म्हणू शकत नाही, म्हणून आधी कळवलं, एवढंच.

तुमचा भाचा,
फिनेआसी

ता. क. ज्या गाठोड्याला ही चिठ्ठी बांधणार आहे त्यात खाण्याचं काही नाही. वर गुंडाळलेलं झाडाच्या सालीचं कापड लग्नातलं आहे, कारण दुसरं सापडलं नाही. न उघडता मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या.

ता. क. २ धक्क्यावरून लिहितो. औषधांची खोकी उतरवून घ्यायला लोसालीनेही आली आहे. मी तिकीटबाबूशी बोलून परतेपर्यंत गाठोडं बर्फाच्या पेटीत गेलेलं. पेटीवर तिचं सुबक अक्षर: 'थंड ठेवा. आडवं करू नका. नमुना पूर्ण: सोमवार, सकाळी साडेदहा.' ती समुद्राकडे पाहते आहे, मी डोंगराकडे. मामा, आत्ता कुणी माझा दाब मोजला असता तर कागद मिळाला असता.