बटाट्याची चकती

प्रिय बाबा,

अक्षर वाकडं दिसेल, डावा डोळा पट्टीखाली आहे. फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघं हवापाण्यापलीकडे कधी गेलोच नाही.

सोमवारी तेलाच्या साइटवर वेल्डिंग करताना डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मग काळे ठिपके, काजळी उडावी तसे. मुकादम लॉइड म्हणाला, वेल्डिंगच्या उजेडाची झळ लागली, सगळ्यांनाच लागते, डोळ्यावर बटाट्याची चकती ठेवून पड. इथले जुने वेल्डर याच औषधावर जगलेत. दोन दिवस चकत्या ठेवल्या. पोरं म्हणायची, क्लेटनचं कालवण शिजतंय. मीही हसलो. बुधवारी सकाळी त्याच डोळ्यात खालून काळं काहीतरी वर चढायला लागलं, आपल्या खाडीत भरती चढते तसं. मग हसू आलं नाही.

लॉइडनं मला गावातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. डोळे तपासणाऱ्या हलीनाबाई जेवायला बसल्या होत्या. माझं ऐकून त्यांनी डबा बाजूला सारला. दुखतंय का, विचारलं. मी नाही म्हटलं. "झळ असती तर दोन्ही डोळ्यांनी रडत आला असतास. तो बटाटा सूपमध्ये घाल." मग डोळ्यात थेंब घालून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या, आणि त्यांची थट्टा थांबली. डोळ्याच्या आतला पडदा कडेनं सुटतोय म्हणाल्या, पण मधोमध अजून सुटला नाही. एडमंटनच्या इस्पितळाशी त्या फोनवर भांडल्या, आजच घ्या म्हणून. लॉइडनं तीन तास गाडी हाकली. रात्रीच ऑपरेशन झालं. आता पडदा दाबून धरायला डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो विरेपर्यंत मान खाली घालून बसायचं. किती दिसेल ते नंतरच कळणार. दर थोड्या वेळानं उजव्या डोळ्यात काही चमकत नाही ना, ते बघतो.

घरात आणखी कुणाला असं झालंय का, हे हलीनाबाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, वडिलांचा डावा डोळा गेला, पण तो मी फेकून मारलेल्या बर्फाच्या गोळ्यानं. तुम्ही गावभर बोटीचा दोर लागला म्हणून सांगितलंत. मी तेरा वर्षांचा होतो, गोळ्यात दगड मीच घातला होता. त्यांनी विचारलं, गोळ्यानंतर किती दिवसांनी गेला? मी म्हटलं, गोळा हिवाळ्यातला, डोळा गेला उन्हाळ्यात. त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही, पोरा. पण डोळ्यांचे असे पातळ पडदे घराण्यात चालत येतात." घर सोडल्यापासून नऊ वर्षं मी कुठं टिकलो नाही, घरीही आलो नाही, ते त्या गोळ्यापायी. तुम्हालाही आधी असं चमकलं होतं का, ते कळवा. नसलं चमकलं तरी कळवा. पण त्याआधी, हे पत्र वाचून झाल्याबरोबर, उजवा डोळा दाखवून या. खेकड्यांचा हंगाम थांबेल. डोळा तुमच्याकडे एकच आहे.

तुमचाच,
क्लेटन