सहा चिकू आणि एक बटाटा

६ जानेवारी
प्राचार्य म्हणाले, डहाणूच्या विज्ञान प्रदर्शनात ज्याचं मॉडेल निवडलं जाईल तो विभागप्रमुख. म्हणजे मीच. पण हे रूपेशसमोर बोलायची काय गरज होती? आमच्याच विभागात आलेला कालचा पोरगा! बायोगॅस करतोय म्हणे. शेण कालवायला एम.एस्सी. लागते?
माझं मॉडेल: सल्फर हेक्झाफ्लोराइड. ऑक्टाहेड्रल. मधे सल्फर, भोवती सहा फ्लोरिन. एक वर, एक खाली, चार बाजूंना. कोन नव्वद अंशांचे.

७ जानेवारी
थर्माकोलचे गोळे मागितले. क्लार्क मिथुन म्हणाला, बंदी आहे. रूपेशच्या बायोगॅसच्या प्लास्टिक पिंपाला बंदी नाही!
बरं. चिकूच्या मुलखात राहून गोळ्यांसाठी कुणाचे पाय धरायचे? सहा कच्चे चिकू आणले, दगडासारखे. पिवळा रंगवलेला बटाटा हा सल्फर. बांबूच्या काड्या खोचल्या. कोनमापक लावला. नव्वद! ब्रह्मदेवाला जमलं नसतं.

८ जानेवारी
रूपेश घरावरून दोनदा गेला. हेरगिरी. मॉडेल पोत्यात गुंडाळून भाताच्या कणगीत पुरलं. जयवंतीने विचारलं, चिकू कणगीत ठेवताय? म्हटलं, माझ्या केमिस्ट्रीत नाक खुपसू नकोस. हसली. या घरात नवऱ्याला काडीची किंमत नाही.

१० जानेवारी
उघडून बघायचा मोह आवरला. संयम हा माझा मोठा गुण. रूपेशच्या पिंपाला वास येतो अशी तक्रार केली.

१२ जानेवारी, सकाळी
कणगीत चिकू पिकतात हे शेंबडं पोरही जाणतं. मग मला कुणी सांगायला नको? जयवंती म्हणते, विचारलं होतं की. विचारणं म्हणजे सांगणं नव्हे!
मऊ झालेत, पण कोन शाबूत आहेत. उधव्याहून जीपने निघतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तलासरीच्या आधीच खड्ड्यांनी वरचा चिकू खाल्ला. हरकत नाही. पाच उरले की स्क्वेअर पिरॅमिडल, तेही अभ्यासक्रमात आहे. मॉडेलच्या पाटीवरचं नाव खोडून नवीन घातलं. डहाणूत खालचा गळला. चार उरले की स्क्वेअर प्लेनर. पुन्हा खोडलं.
परीक्षक बाई आल्या तेव्हा उरलेले चारही टेबलावर लोळत होते. बटाट्याकडे बघून म्हणाल्या, मॉडेल कधी लावणार? मी ओरडलो, हेच मॉडेल आहे! सगळा हॉल वळून बघायला लागला. माझी बारावीची विद्यार्थिनी नवशी मान खाली घालून टेबल पुसत राहिली. लाज वाटली. राग त्याहून जास्त आला.

१५ जानेवारी
बायोगॅस निवडला. रूपेश विभागप्रमुख.
निषेध म्हणून आठवडाभराची रजा टाकली. बसू दे बारावी केमिस्ट्रीविना, मग कळेल माझी किंमत. अर्जावर सही विभागप्रमुखाचीच लागते. रूपेशने लगेच केली. तासांचं काय, एवढंही विचारलं नाही.